बिनअक्षरांची सत्याऐंशी बटणं

३ फेब्रुवारी

ठकूबाईसाहेबांच्या सेवेशी,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत. आधी कामाचं बोलू.

काल तुझा बाप आला होता. खुर्चीत बसला, चहा प्यायला, आणि घरात चोरी झाल्यासारखा चेहरा करून म्हणाला, “ठकूनं कीबोर्ड घेतला.” मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणे, ती ऑफिसात ज्याच्यावर टाइप करते ते. मग ऑफिसात नाही का? आहे. तो मोडला का? नाही. मग हा किती पडला? तर म्हणे, तिचा पाऊण महिन्याचा पगार. असं काय आहे त्यात? तुझ्या बापानं दोन्ही हात वर केले. पाळण्यात होता तेव्हापासून त्याचं प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर आहे.

म्हणून थेट तुलाच विचारते. फोनवर विचारणार होते, पण फोनवर तू “हो आजी, हो आजी” करतेस आणि तेवढ्यात भांडी आवरत असतेस. मला ऐकू येतं. पत्रात ती सोय नाही.

पत्र शेजारच्या मास्तरीणबाई लिहिताहेत. तीस वर्षं पोरांना शुद्धलेखन घालून निवृत्त झाल्या आहेत, त्यामुळे माझी वाकडी वाक्यं सरळ करायला त्यांचा हात शिवशिवतो. मी अट घातली आहे, बोलेन ते लिहायचं. मला वाचता येत नसलं तरी पत्र पुन्हा वाचून घेते, आणि माझं बोलणं मला बरोबर ओळखता येतं.

तर सांग. त्या कीबोर्डात असं काय आहे? तो स्वतःच टाइप करतो का? तू जेवायला बसलीस की ताट वाढतो का? नसेल, तर पाऊण महिना तू जेवणार काय आहेस?

तुझी,
अडाणी आजी


८ फेब्रुवारी

ती. आजी,

नमस्कार. बाबांनी बातमी इतक्या तत्परतेनं पोचवली, आनंद वाटला. पुढच्या वेळी पेपरातच द्यायला सांग.

आता नीट ऐक. मी दिवसभर काय करते ते तुला माहीत आहे. कानात हेडफोन, पायाखाली आवाज थांबवायचं-सुरू करायचं पॅडल, आणि सुनावण्यांची, सभांची रेकॉर्डिंगं ऐकून शब्दन् शब्द लिहून काढायचा. दिवसाचे सहा तास बोटं चालू. ऑफिसचा कीबोर्ड म्हणजे शिळा पाव. कुठेही दाबा, मऊ आणि मुका. बटण दाबलं गेलं की नाही ते त्याला कळत नाही आणि मलाही.

माझ्या नव्या कीबोर्डात सत्याऐंशी बटणं आहेत आणि प्रत्येकाखाली स्वतःची वेगळी स्प्रिंग आहे. अर्धं दाबलं की बोटाला बारीकसा खटका लागतो, म्हणजे उमटलं. वजन दोन किलो. तळाचा पत्रा सबंध धातूचा आहे, त्यामुळे टेबलावर सरकत नाही. आणि बटणांवर अक्षरं छापलेलीच नाहीत, सगळी कोरी करकरीत. ज्यांना न बघता टाइप करता येतं त्यांच्यासाठी खास असतो हा.

बाबांना हेही सांगता आलं असतं की वीस मार्चला आमची वेगाची परीक्षा आहे. एक कायमची जागा, मिनिटाला साठ शब्द, तीन चुकांपर्यंत माफी. तीन वर्षं मी दर सहा महिन्यांच्या करारावर बसले आहे. ती जागा मिळाली तर दर सहा महिन्यांनी करारासाठी साहेबिणीच्या दाराशी ताटकळणं संपेल. त्यासाठी घेतलाय. साठ दिवसांत परत करता येतो, म्हणजे मार्चअखेरपर्यंत. तेव्हा श्वास घे.

मास्तरीणबाईंच्या फोनवर एक मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवलंय, टाइप करतानाचं. नुसता आवाज ऐक. हौशी लोक तेवढ्यासाठी कीबोर्ड घेतात. आता मनगटाखाली ठेवायची अक्रोडाच्या लाकडाची एक उशी तेवढी राहिली आहे.

तुझी,
(जेवत असलेली) ठकू


१३ फेब्रुवारी

ठकू,

तुझं पत्र मास्तरीणबाईंनी दोनदा वाचलं. एकदा मला कळावं म्हणून, आणि एकदा त्यांचा स्वतःचा विश्वास बसेना म्हणून.

बटणांवर अक्षरं नाहीत! अगं, मला अक्षर येत नाही म्हणून उभ्या जन्मात कोणी एक पैसा जास्त दिला नाही, उलट चार कापले. आणि तुझ्या दुकानात अक्षर नसल्याचे जादा पैसे घेतात? त्या दुकानाचा पत्ता दे. मी जाऊन कपाटात बसते.

सत्याऐंशी बटणं म्हणजे किती, ते मी मनाशी मांडून पाहिलं. शर्टाला सात धरली तर बारा शर्ट आणि वर तीन. बारा शर्टांची बटणं शिलाईच्या कारखान्यात आम्ही जेवणाच्या सुट्टीआधी लावून मोकळ्या व्हायचो, आणि खटका वगैरे कोणाच्या बोटाला लागला नाही. लागायची ती सुई.

दोन किलो वजन कशाला, तेही कळलं नाही. ऑफिसात वादळ येतं का? आणि लाकडाची उशी! उशी ती, आणि लाकडाची! आज मनगटाला उशी, उद्या बोटांना पांघरूण, परवा अंगठ्याला स्वतंत्र खोली बांधून दे.

आता रेकॉर्डिंग. खरं बोलायचं तर आवाज छान आहे. लाकडी पेटीचं झाकण कोणीतरी आदबीनं मिटावं तसा. मास्तरीणबाईंनी पाच वेळा लावला, मीच लावायला लावला. पण पोरी, तो लंगडतोय. टप टप टप टप असं सुरळीत चालतं, मग मध्येच एक टप मागे राहतो, धावत येतो आणि पुढच्याच्या पाठीवर आपटतो. मिनिटभरात अकरा वेळा. मी बोटांवर मोजलं.

तुला फसवलंय. सत्याऐंशीतली दोन-तीन बटणं नीट दबत नाहीत. खोक्यात घाल, पावती घे, आणि दुकानदाराच्या टेबलावर दोन किलो जोरात आपट. परीक्षेआधी दुसरा मागून घे. त्या जागेपुढे लाजायचं नाही.

आजी


१७ फेब्रुवारी

ती. आजी,

कीबोर्ड उत्तम आहे. कोरा, नवा, तपासून पाठवलेला. सोबत तपासणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी होती.

मला माहीत आहे, तू अठ्ठावीस शिलाई मशीनच्या रांगेतून नुसती चालत गेलीस तरी कोणाची सुई बोथट झाली आहे ते सांगायचीस. त्या कानांच्या जोरावर तुला मशीनवरून उठवून तपासनीस केलं, ही गोष्ट आम्ही सगळ्या नातवंडांनी पाठ केली आहे. लहान असताना मी ती वर्गात सांगितली होती, टाळ्याही मिळाल्या होत्या. पण आजी, हे शिलाई मशीन नव्हे. माणूस टाइप करताना विचार करतो, थांबतो, खाडाखोड करतो. त्याला लंगडणं म्हणत नाहीत.

शिवाय त्या दिवशी खिडकी उघडी होती. वारा असेल.

आता माझी परीक्षा महिन्यावर आली आहे. मला सराव करू दे.

ठकू


२० फेब्रुवारी

ठकू,

वारा असेल! बरं झालं, दोन किलोचा घेतलास.

वाद कशाला घालायचा? कारखान्यात एक साधी रीत होती. टाके सुटायला लागले की मुकादमीण भांडत बसायची नाही. ती त्या बाईला उठवायची आणि शेजारच्या मशीनवर बसवायची. खोड जागेवर राहिली तर मशीनची. बाईबरोबर उठून गेली तर बाईची. दहा मिनिटांत निकाल, आणि कोणाला चिठ्ठी नको की सही नको.

तर तू ऑफिसच्या त्या शिळ्या पावावर बस आणि मिनिटभर वाजवून पाठव. लंगड नसेल, तर नवा कीबोर्ड खोटा, उद्याच्या उद्या परत. असेल तर...

असेल तर पुढचं पुढे. पाठव.

आजी


२३ फेब्रुवारी

ती. आजी,

पाठवलंय. ऑफिसचा कीबोर्ड, एक मिनिट, खिडक्या बंद. कुठेही लंगड नाही. नव्यातही नाही. झालं समाधान? आता हा खटला निकाली काढावा ही विनंती.

ठकू


२६ फेब्रुवारी

ठकू,

ऐकलं. लंगड नाही, बरोबर आहे तुझं.

पण ही तू नव्हेसच.

ही जी कोणी आहे ती चपला ओढत चालणाऱ्यांपैकी आहे. प्रत्येक शब्दाच्या शेवटी बोट तसंच पुढे घासत नेते. माणूस चांगलं, हात शांत, घाई नाही, घरी कोणी वाट बघत नसावं. तू तशी नाहीस. तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून जिन्यावरून दोन पायऱ्या एकदम उतरतेस आणि तिसरीवर थांबतेस. टाइपही तसंच करतेस. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये लंगड होतं, पण जिना तुझाच होता.

दुसऱ्या बाईला मशीनवर बसवून खोड लपवायची, ही युक्ती तुला नवीन वाटली असेल. आमच्या रांगेत ती रोज व्हायची.

आता मला काही सांगू नकोस असं मी म्हणणार नाही. सांग. कीबोर्ड नाही, तर काय लंगडतंय?

आजी


७ मार्च

ठकू,

नऊ दिवस झाले, पत्र नाही. फोन केला तर “मीटिंगमध्ये आहे.” रविवारी सकाळी कसली मीटिंग गं? सत्याऐंशी बटणांची का?

मास्तरीणबाई म्हणतात, एक कार्ड पुरे, जास्त लिहू नका. त्यांच्या म्हणण्याला मान देऊन थांबते.

आजी


१० मार्च

ती. आजी,

मास्तरीणबाईंना सांग, हे पत्र वाचताना बाबा तिथे असतील तर नंतर वाचा.

माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहेत. चार महिने झाले. आधी मुंग्या यायच्या, आता तेवढ्याही येत नाहीत. कपाचा कान धरताना करंगळी कुठे आहे ते बघून घ्यावं लागतं. ज, च, ट, ड, चौघंही नेमकी त्या करंगळीच्या वाट्याला आलेली. बटण दाबलं की नाही ते बोटाला कळत नाही, म्हणून मी पुन्हा दाबते. तो तुझा मागून धावत येणारा टप.

ऑफिसच्या मऊ कीबोर्डमुळे होत असेल असं वाटलं. कुठेतरी वाचलं की स्प्रिंगवाला घ्या, हाताला आराम पडतो, बोटं सुधारतात. लिहिणाऱ्यांनी शपथेवर लिहिल्यासारखं लिहिलं होतं. खटका लागेल, निदान तो तरी कळेल, म्हणून घेतला. खटका आठ बोटांना छान लागतो. त्या दोघांना नाही.

डॉक्टरकडे गेले नाही. डॉक्टरचा कागद झाला की तो ऑफिसच्या फायलीत जाणार, आणि करारावरच्या माणसाच्या फायलीत असा कागद असला की नवा करार करायचं साहेबिणीच्या बरोब्बर लक्षात राहत नाही. परीक्षा दहा दिवसांवर आहे. काल घरी वेळ लावून बघितलं. छप्पन्न शब्द, नऊ चुका.

दुसऱ्या रेकॉर्डिंगमधली बाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. खरंच चपला ओढत चालते. तीही परीक्षेला बसणार आहे.

कीबोर्ड खोक्यात घालून दाराशी ठेवलाय. परत करू? पाऊण पगार तरी परत येईल. तू सांगशील तसं.

ठकू


१३ मार्च

ठकू, माझ्या बाळा,

आज टोमणे कमी मारेन. सवय नाही, पण प्रयत्न करते.

तू वर्गात सांगितलेली गोष्ट खोटी आहे. टाळ्या परत करायला आता उशीर झाला, पण खरं काय ते ऐक. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं अशीच गेली होती. तुझा बाप तेव्हा तीन वर्षांचा. मशीनवर कापड सरकवायचा तोच हात. कळलं तर बसवून ठेवतील, म्हणून मीही लपवलं. मग मला कोणीतरी सांगितलं की तुझी कात्री हलकी आहे, कापड धरणाऱ्या हाताला ओढ बसते, भारी कात्री घे, हाताला त्रास होणार नाही. मी कानातले विकले आणि शिंप्याची मोठी पोलादी कात्री आणली. तुझ्या आजोबांना सांगितलं, कानातले नळावर पडले. बिचारा दोन दिवस मोरी उपसत होता.

कात्री तुझ्या कीबोर्डसारखीच. वजनदार, आवाज देखणा. मी तिच्याकडे बघत बसायचे. हात होता तिथेच. आठ महिने लपवलं. मग एके दिवशी सुई बोटातून आरपार गेली आणि ते मला कापड लाल झाल्यावर कळलं. दुखलंच नाही गं. भीती त्याची वाटली.

मुकादमिणीनं मला उठवून शेजारच्या मशीनवर बसवलं. खोड माझ्याबरोबर उठून आली. ती एवढंच म्हणाली, “रांगेतून ऐकत फिर.” बढती नव्हती ती. मला उचलून बाजूला ठेवलं होतं. घरी येऊन मी सांगितलं, माझे कान तिखट आहेत म्हणून तपासनीस केलं. सगळ्यांनी इतका विश्वास ठेवला की पुढे कानांनाही तिखट होणं भाग पडलं.

हे मास्तरीणबाईंनाही आत्ताच कळतंय. त्यांचं पेन थांबलंय. लिहा हो, शुद्धलेखन नंतर बघा.

त्या दोन बोटांना आजपर्यंत काही कळत नाही. माझे आठ महिने झाले होते, तुझे चार झालेत. अर्ध्या वाटेवर आहेस, तिथूनच फिर. उद्या सकाळी डॉक्टरकडे जा. परीक्षा, साहेबीण, फाईल, सगळं त्याच्यानंतर. जागा जाईल म्हणतेस? जाईल कदाचित. मी खोटा धीर देत नाही. पण बोटं गेली तर जागा मिळूनही तू तिथे बसणार कशी? रोज शेजारणीला बसवणार का?

कीबोर्डचं तू ठरव. मी कात्री परत केली नाही, कारण कात्रीत खोट नव्हती. ती अजून ट्रंकेत आहे, जाड कापड लोण्यासारखं कापते. खोट मी तिच्याकडून जे मागत होते त्यात होती. मी तिला औषध समजले. तुझ्या कीबोर्डकडून औषधाचं काम मागू नकोस. मग जे उरेल त्याची किंमत कर, आणि तेवढ्याला पाऊण पगार जास्त वाटला तर कर परत.

सोबत एक पुडकं आहे. मनगटाची उशी. अक्रोडाची नाही, चिंध्यांची. जुन्या शर्टांची बटणं काढून, कापड धुऊन भरलंय.

आजी


२८ मार्च

ती. आजी,

गेले डॉक्टरकडे. तुझं पत्र आलं त्याच दिवशी. परीक्षेला चार दिवस होते.

त्यांनी बोटं बघितलीच नाहीत. कोपरावर बोटानं टिचकी मारली आणि माझी करंगळी झणझणली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मग विचारलं, “काम करताना उजवं कोपर कुठे टेकवता?” मी आठवलं. हेडफोनमध्ये नीट ऐकू आलं नाही की मी पुढे वाकते आणि सगळा भार उजव्या कोपरावर टाकते. ऑफिसच्या टेबलाची कड पत्र्याची आहे. बरोबर त्या जागी एक नस असते, ती थेट त्या दोन बोटांना जाते.

म्हणजे पाऊण महिन्याचा पगार बोटांखाली, आणि सगळा दोष टेबलाच्या कडेचा! डॉक्टर म्हणाले, कोपराखाली काहीतरी मऊ ठेवा. मी विचारलं, चिंध्यांची उशी चालेल? म्हणाले, छान चालेल. तेव्हा तुझी मनगटाची उशी बढती मिळून कोपराला गेली आहे. खरी बढती, तुझ्यासारखी नव्हे. झोपताना हाताला पट्टा, सहा आठवडे टाइपिंग जवळजवळ बंद. बोटं बहुतेक परत येतील, वेळ लागेल. अजून काही महिने गेले असते तर ते “बहुतेक” म्हणाले नसते.

साहेबिणीला कागद दिला. तिनं तो दोनदा वाचला आणि म्हणाली, “आधी सांगायचं ना.” एवढंच. परीक्षेला बसले नाही. पुढची परीक्षा कधी, ते कोणालाच माहीत नाही. जागा शेजारणीला मिळाली. बासष्ट शब्द, एक चूक. मी तिचं अभिनंदन केलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं नळ सोडून उभी राहिले. ते झालं. मला इतरांनी लिहिलेलं रेकॉर्डिंगशी ताडून बघायच्या कामावर बसवलंय. करार जुलैपर्यंत आहे. जुलैनंतरचं तुझ्या कानांनाही ऐकू येणार नाही.

आता कीबोर्ड. परत केला नाही. दाराशी पंधरा दिवस खोकं होतं, बाबा दोनदा अडखळले. मग काढला आणि तू म्हणालीस तसा हिशेब केला. औषध म्हणून किंमत शून्य. परीक्षेसाठी किंमत शून्य. उरला नुसता आवाज, आणि आठ बोटांना लागणारा तो खटका. एवढ्याला पाऊण पगार जास्तच आहे, मी कबूल करते. तरी ठेवला. डाव्या हातानं रोज चार ओळी लिहिते, कोणासाठी नाही. आणि काल उजवी करंगळी सहज त्या धातूच्या कडेवर पडली तर गार लागली. गार, आजी! मी एकटीच हसत बसले.

एक तक्रार आहे. उशीच्या बरोबर मध्ये शर्टाचं एक पांढरं बटण शिवून ठेवलंयस. कोपराला टोचतं. ते कशाला?

ठकू


३ एप्रिल

ठकू,

टोचतं ना? मग कोपराला कळतंय. बरं आहे.

सत्याऐंशी होती, हे अठ्ठ्याऐंशीवं. यावरही अक्षर नाही, आणि याचे मी जादा पैसे घेतले नाहीत.

आजी

ता. क. हे मी, मास्तरीणबाई, माझ्या मनानं लिहिते आहे. ती उशी तुझ्या आजींनी तीनदा उसवून शिवली. मी म्हटलं, मी शिवते, तर म्हणाल्या, तुम्ही व्याकरण सांभाळा. तिसऱ्यांदा शिवताना सुई त्या दोन बोटांतल्या एकात गेली. त्यांना पत्ताच नाही, माझं लक्ष गेलं तेव्हा कापडाच्या मध्यभागी वाटाण्याएवढा डाग पडला होता. मी दुसरं कापड काढायला उठले. म्हणाल्या, “पोरीचा एकेक दिवस चाललाय, उसवायला वेळ नाही. एक बटण द्या इकडे.” दोरा मी ओवला. डागावर बटण त्यांनीच लावलं, डोळे जवळ नेऊन, कारण दिसत होतं पण बोटांना कळत नव्हतं. ते तू काढू नकोस. उशी जरा फिरवून घे.

आता त्या विचारताहेत, “मी तीन ओळी बोलले, तुम्ही केव्हाच्या काय खरडताय?” मी सांगितलं, पत्ता लिहिते आहे.